पेशकार तात्या आणि धुतलेली गाडी

आमच्या घरात वापरलेली वस्तू धुऊन-पुसून जागेवर ठेवणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो माझ्या माहेरचा नव्हता. माझ्या माहेरी शेवटची भाजी जिथे चिरली तिथेच विळी मुक्कामाला असे. मीही त्याच वळणाची. माझ्या हातची तुळससुद्धा जगत नाही. दोन-तीनदा लावून पाहिली, शेवटी वृंदावनात ओवा लावला. तो मात्र कोणाच्या कृपेची वाट न बघता फोफावला. आता पाहुण्यांना मी तोच दाखवते.

परवा धाकट्यानं सायकल चिखलासकट ओसरीत आणून टेकवली. बोलायला म्हणून मी तोंड उघडलं, तर माझे शब्द बाहेर आलेच नाहीत. तात्यांचे आले. "आधी गाडी, मंग गडी."

धाकटा म्हणाला, म्हणजे काय? मी म्हटलं, बस, सांगते. तो अर्थातच बसला नाही. आमच्या घरात माझी गोष्ट सुरू होणार म्हटलं की सगळ्यांना बाहेरची कामं आठवतात. म्हणून इथे लिहिते. कागदाला उठून जाता येत नाही.

तात्या म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे काका. सासू-सासरे लवकर गेले, तेव्हा आमच्या ह्यांना तात्या आणि गोदाकाकूंनीच वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. लग्न होऊन मी जालन्याला आले ती त्यांच्याच घरात. घर गावाबाहेर, कुंडलिका नदीच्या अलीकडे. पुढे फाटक, मध्ये घर, आणि घरामागे काकूंची बाग: मोसंबीच्या दोन रांगा, कडेनं मोगरा, विहिरीपाशी कढीपत्ता आणि एक भलामोठा कडुलिंब.

गाव त्यांना पेशकार साहेब म्हणे. निजामाच्या राज्यात ते तहसिलीत पेशकार होते, म्हणजे तहसीलदारापुढे कागद मांडायचा, वाचून दाखवायचा, आणि साहेब म्हणेल त्याला 'जी' म्हणायचं. त्यांचं उर्दू अक्षर असं देखणं की लोक म्हणत, पेशकारांनी अर्ज नामंजूर झाल्याचं लिहिलं तरी चौकट करून भिंतीला लावावंसं वाटतं. पुढे पोलिस ॲक्शन झाली, राज्य बदललं, आणि जेवून पाहुणा उठावा तशी कचेरीतून उर्दू हळूहळू उठून गेली. तात्या मराठीत बोलत, भांडत, आरत्या म्हणत. पण मराठीत सरकारी कागद लिहायचा म्हटला की टाक धरून नुसते बसून राहत. नवे साहेब चांगले होते, त्यांनी सांभाळून घेतलं असतं. तात्यांनाच सांभाळून घेतलं जाणं सोसेना. एके दिवशी ते घरी आले, शेरवानीची बटणं काढली आणि काकूंना म्हणाले, "संपलं. आता तुमच्या कचेरीत जागा असली तर बघा."

काकूंची कचेरी म्हणजे बाग. तिथे तात्यांना कोणी उमेदवारसुद्धा ठेवलं नसतं. त्यांना गवत आणि कोथिंबीर यांतला फरक वासावरून कळे, तोही जवळ नेऊन.

काकू कुंभार पिंपळगावच्या. लहानपण सगळं मळ्यात गेलेलं. मोसंबीची कलमं त्यांच्या भावानं तिकडून बैलगाडीतून, ओल्या गोणपाटात बांधून आणून दिली होती. काकू रोज सकाळी आंघोळ करून सोवळ्यात बागेत फिरत. एकेका झाडापाशी थांबत, पान उलटं करून बघत, बुडाशी माती दाबून बघत, आणि मगच चुलीपाशी येत. देवपूजेला उशीर झालेला चाले, ही फेरी चुकलेली चालत नसे.

मी त्या घरात गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात काकूंचे पाय गेले. आधी गुडघे सुजले, मग घोटे, मग उभं राहणंच बंद झालं. वैद्य झाले, डॉक्टर झाले, कोणी लसणाचं तेल सांगितलं, कोणी वाळूचा शेक. काकू पुढच्या ओसरीत जाजमावर बसून राहू लागल्या. बाग घरामागे. त्यांना तिथून दिसायचं ते फाटक आणि फाटकावरून जाणारे लोक. त्या कुरकुरल्या नाहीत. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत, मागं जाऊन तिसऱ्या झाडाचं पान घेऊन या बरं. लोक भलत्याच झाडाचं आणत. तात्या तर दोनदा कढीपत्त्याचं घेऊन आले.

अशात चंपालालजींचं बोलावणं आलं. त्यांचं सरकी-रुईचं जिनिंग होतं. घराणं राजस्थानातलं, पण इतक्या पिढ्या इथे काढलेल्या की रागावले म्हणजे मराठीत रागवत. जागेचे काही जुने उर्दू कागद वाचून घ्यायचे होते. तात्यांनी सकाळभर बसून ते वाचून दिले. शेठजी म्हणाले, पेशकारजी, काहीतरी घेऊन जा, रिकाम्या हातानं जाऊ नका. त्यांच्या मनात धोतरजोडी असावी. तात्या म्हणाले, ती द्या.

ती म्हणजे आवारात भंगारापाशी पडलेली ढकलगाडी. पुढे एक लोखंडी चाक, वर पत्र्याचा हौदा, मागे दोन सागवानी दांडे आणि टेकायला दोन पाय. शेठजींना वाटलं पेशकार थट्टा करताहेत. ते म्हणाले, "पेशकारजी, ये तो कचरा ढोने की है." तात्या म्हणाले, "जी." आणि दांडे धरून चालू लागले.

शेरवानी, डोक्यावर टोपी, पायात चढाव, आणि पुढे गंजलेली गाडी, असे पेशकार साहेब भर सदर बाजारातून निघाले. लोक दुकानातून उठून बघायला लागले. ज्यांचे अर्ज त्यांनी कधीकाळी पुढे सरकवले होते ते पुढे येऊन म्हणाले, साहेब, आम्ही ढकलतो. ज्यांचे सरकवले नव्हते ते आपल्या जागेवरून बघत राहिले. एका चाकाची गाडी ही एका बाजूला झुकली की मग कोणाचं ऐकत नाही. इस्माईलभाईंच्या भट्टीसमोर ती झुकली आणि गटारात गेली. तात्यांची टोपी मागोमाग.

इस्माईलभाई लोहार. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवत. त्यांनी टोपी काढली, झटकली, तात्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "साब, ये कलम नै है. इत्ता घट पकडे तो गिरतीच. ढीला छोडो." मग स्वतः कोपऱ्यापर्यंत ढकलून दाखवली. त्या दिवसापासून त्या दोघांची दोस्ती झाली. दोस्ती म्हणजे इस्माईलभाईंनी टोमणा मारायचा आणि तात्यांनी तो खिशात घालून घरी आणायचा. काकूंना तो ऐकवल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

घरी आल्यावर त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. विटेचा तुकडा घेऊन गंज घासला, मग राख, मग नारळाचा काथ्या, मग पाणी, मग पुन्हा राख. दुपारचं जेवण निवून गेलं. संध्याकाळी गाडी लिंबाखाली पालथी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंची आंघोळ झाल्यावर गाडी ओसरीच्या पायरीला लावली, हौद्यात काकूंची धाबळी अंथरली आणि म्हणाले, "बस."

काकूंनी गाडीकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं. "कचऱ्याच्या गाडीत?"

"धुतलीय."

"जिनिंगचा कचरा वाहिलाय हिच्यात."

"कापसाचाच की. त्याच्याच तर वाती करतेस."

काकूंनी धाबळीला हात लावून पाहिला. मग म्हणाल्या, लोकरीला विटाळ न्हाई, धाबळी आहे तर बसते. मी आणि आमच्या ह्यांनी मिळून त्यांना उचलून हौद्यात बसवलं. काकू अंगानं भरलेल्या, तात्या काडीसारखे. घराला वळसा घालताना काकूंनी डोळे गच्च मिटून घेतले होते. पहिल्या झाडापाशी गाडीचे पाय टेकले तेव्हा उघडले. मग त्यांनी हात लांब करून एक पान उलटं केलं आणि म्हणाल्या, "याच्या बुडाशी पाणी साठून राह्यलंय. वाफा फोडा."

तात्या म्हणाले, "जी."

मी हसले, पण तोंड वळवून. साऱ्या नोकरीत तहसीलदारांना म्हटलेला तो शब्द होता. फक्त आता त्यात थकवा नव्हता.

ती सकाळ झाली आणि रोजचा परिपाठ पडला. सकाळी गाडीत काकू बसायच्या. पण काकूंनी सांगितलेली कामं करायची तर माती, पालापाचोळा, शेणखत वाहायला घरात दुसरं काही नव्हतं, आणि गडी ठेवायची ऐपत तात्यांच्या अर्ध्या पेन्शनीत नव्हती. म्हणून दुपारी त्याच गाडीतून खत जाई. आणि खत वाहिलेल्या गाडीत काकू दुसऱ्या सकाळी बसायच्या म्हणजे संध्याकाळी ती धुवायलाच हवी. शेण पवित्र, हे काकूंना मान्य होतं. शेणानं तर आपण जमीन सारवतो. पण उकिरड्यातलं खत म्हणजे शेण नव्हे, त्यात गावाचं काय काय असतं. यावर त्यांचा नि तात्यांचा एकदा वाद झाला. तात्या हरले, आणि त्या हरण्यापोटी पुढे आठ वर्षं गाडी धूत राहिले.

ते धुणं बघण्यासारखं असे. कचेरीतली जुनी शेरवानी त्यांनी आता बागकामाला काढली होती. तिच्या वरच्या खिशात पूर्वी टाक असे, तिथे एरंडेलाची बाटली आली. आधी मुआयना. मुआयना म्हणजे तपासणी. हात मागे बांधून गाडीभोवती फेरी, जणू गाडीनं काही खाल्लंय की काय याची चौकशी चाललीय. मग खराट्याची काडी घेऊन पत्र्याच्या सांध्यांतली माती काढायची. मग पाणी, राख, काथ्या. कोपऱ्यांना बोटाला फडकं गुंडाळून. मग पालथी घालून पाणी निथळू द्यायचं, चाकाच्या आसात एरंडेल सोडायचं, चाक फिरवून कान लावायचा. आठवड्यातून एकदा दांड्यांना करडईचं तेल चोळायचं, म्हणजे हाताला फोड येत नाहीत आणि लाकूड चिरत नाही. हे सगळं झाल्यावर मग स्वतः हातपाय धुवायचे. जेवायला हाक मारली तर उत्तर ठरलेलं: "आधी गाडी, मंग गडी."

या कामाला साधा माणूस घटकाभर लावील. तात्या संध्याकाळ लावत. मी एकदा म्हटलं, तात्या, द्या, मी धुते. त्यांनी मला धुऊ दिली, मी धुतल्यावर मुआयना केला, 'बराबर' म्हणाले, आणि मी आत गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून धुतली. मी खिडकीतून पाहिलं. वाईट वाटण्याऐवजी मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकते.

शेजारीपाजारी गाडी मागायला येत. तात्या नाही म्हणत नसत. फक्त म्हणत, जशी नेली तशी आली पाहिजे. समोरच्या वकिलांनी एकदा घर रंगवायला चुना वाहिला आणि गाडी तशीच परत पाठवली. चुना वाळून दगड झालेला. तात्यांनी ती ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी गाडी, विटेचा तुकडा, काथ्या, राखेची पाटी आणि पाण्याची बादली घेऊन ते वकिलांच्या दारात गेले आणि तिथे पायरीपाशी उकिडवे बसून सकाळभर गाडी घासली. पक्षकार येत, पेशकार साहेबांना नमस्कार करत, चुन्याच्या पाण्यावरून उडी मारून आत जात. वकील आतून म्हणाले, "पेशकार साहेब, लाजवू नका." तात्या म्हणाले, "तुम्ही काम करा. माझी अडचण न्हाई." पुढे वकिलांकडून गाडी आली की आमच्यापेक्षा स्वच्छ असे.

अशी काही वर्षं गेली. मग मोसंबी पिवळी पडायला लागली.

आधी एका झाडाची शेंड्याची पानं पिवळी झाली, मग शेजारच्याची. फांद्या वरून वाळत आल्या. काकूंनी राख घातली, ताक घातलं, पेंड घातली, वाफे उकरून मुळं उघडी केली. म्हणजे बोट दाखवलं, केलं तात्यांनी. काही लागू पडेना. रोज सकाळची फेरी लांबत चालली. काकू एकेका झाडापाशी गाडी थांबवून नुसत्या बसून राहत आणि तात्या दांडे धरून मागे उभे राहत. उभे राहून त्यांची कंबर भरून येई. मी विचारलं, तात्या, दमलात का? ते म्हणाले, "दमण्याचा मुआयना अजून झालेला न्हाई."

शेतकी खात्याचा एक माणूस बाग बघायला आला. बिचारा भला होता. त्यानं झाडं पाहिली आणि म्हणाला, हाडांचा चुरा घाला, दुसरं काही करू नका. तात्यांनी त्याला हळू बोलायला सांगितलं.

हाडांचा चुरा. ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बाहेरच राहायचा, त्या घरात. तात्यांनी दोन दिवस विचार केला. झाडं काकूंची होती. भावानं दिलेली, आणि भाऊ त्याच साली वारला होता. ती वाळली असती तर काकूंना फेरीला जायला बाग उरली नसती. तिसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन गेले आणि चुऱ्याचं पोतं आणलं. पाठीवर घेण्याची ताकद नव्हती, दुसरी गाडी मिळाली नाही. मागच्या दारानं बागेत नेऊन झाडांच्या बुडाशी घातलं, माती ओढली, पाणी सोडलं. काकू पुढच्या ओसरीत. त्यांना काही कळलं नसतं. आमच्या ह्यांनी तसं सुचवलंही. म्हणाले, तात्या, धुवा आणि गप्प राहा.

तात्यांनी गाडी धुतली. मग ओसरीत येऊन काकूंसमोर उभे राहिले, कचेरीत उभे राहत तसे, आणि म्हणाले, "आज गाडीत हाडं आली. झाडांना घातली."

काकूंनी वात वळणं थांबवलं नाही. ती संपवून म्हणाल्या, "घातली ते चांगलं केलंत. मी आता गाडीत न्हाई बसायची."

"धुतलीय."

"धुतली असंल."

त्यांचं भांडण झालं नाही, हेच वाईट. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी गाडी पायरीला लावली, काकू म्हणाल्या, न्या परत. तात्यांनी ती नेली आणि पुन्हा धुतली. शेणानं सारवून धुतली, गोमूत्र शिंपडलं, कुंडलिकेचं पाणी आणून धुतली. रोज सकाळी पायरीला लावायची, रोज परत न्यायची. धाबळीचं नाव कोणी काढलं नाही. हाडापुढे लोकरीचं काही चालत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. काकू फाटकाकडे बघत बसत. मागची झाडं सावरताहेत की जाताहेत ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. मला विचारत, मी सांगे, बरी दिसतात. त्या म्हणत, तुला सगळीच बरी दिसतात गं. आणि ते खरं होतं. तात्यांना मात्र विचारत नसत.

त्या दिवसांत मी तात्यांना पहिल्यांदा म्हातारं झालेलं पाहिलं. धुताधुता मध्येच थांबून ते गाडीच्या कडेवर कपाळ टेकून बसत.

एकदा इस्माईलभाई असेच आले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "क्या साब, पहले दिन में एक बार नहलाते थे, अब पाँच वखत वजू करा रे क्या गाडी को?" तात्या हसले नाहीत. सगळं सांगितलं. इस्माईलभाई ऐकत बसले. मग म्हणाले, "पानी से नै होता ना? मेरे कने आग है. लोहा आग में गया तो पाक. तुम्हारे में बी ऐसाच बोलते ना?"

बोलतात. धातूला अग्नीची शुद्धी आहे, हे तात्यांना ठाऊक होतं. पण भट्टी इस्माईलभाईंची. हे काकूंपुढे मांडायचं कसं? साऱ्या आयुष्यात नाजूक कागद साहेबांपुढे मांडलेल्या माणसाला हा कागद मांडता येईना. ते ओसरीत येऊन उभे राहिले आणि नुसतेच उभे राहिले. शेवटी इस्माईलभाईंनीच पायरीखालून हाक दिली. "भाभीजान, गाडी को भट्टी में डालूँ क्या?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "सूनबाई, आपल्या पातेल्यांना कल्हई कोण करतो?"

मी म्हटलं, लतीफ.

"त्याच्या भट्टीतून आलेल्या पातेल्यात आपण देवाचा नैवेद्य शिजवून राह्यलो. मंग?" आणि इस्माईलभाईंना म्हणाल्या, "घाला. पण चांगली लाल होऊ द्या. अर्धवट नको."

इस्माईलभाईंनी दांडे काढले, हौदा सुटा केला आणि भट्टीत घातला. तात्या समोर बसून होते. हौदा चांगला लाल झाला. इतका झाला, की थंड झाल्यावर बघतात तो एका बाजूनं पिळल्यासारखा वाकलेला. पत्रा एवढी आग सोसत नाही हे इस्माईलभाईंना माहीत नव्हतं असं नाही; पण भाभीजाननं लाल म्हटलं होतं. ठोकून ठोकून त्यांनी जमेल तेवढा सरळ केला. बाकीचा वाकडेपणा राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पायरीला लागली. काळीठिक्कर, डावीकडे कललेली, एखादी म्हातारी कंबरेवर हात ठेवून उभी असावी तशी. काकूंनी बराच वेळ पाहिली.

"ही वाकडी कशी झाली?"

"शुद्ध झाली," तात्या म्हणाले.

त्या आवाज न करता हसल्या, खांदे हलवून. मग म्हणाल्या, "बसवा."

झाडांना नवी पालवी होती. सगळ्यांना नव्हे, दोन गेली. पण बाकीच्यांना बोटभर लांबीची, हिरवी, लुसलुशीत होती. काकूंनी पहिल्या झाडापाशी हात लांब करून पान उलटं केलं, नेहमीसारखं, आणि हात बराच वेळ तिथेच ठेवला.

त्या दिवसापासून काकू गाडीत डावीकडे झुकून बसायच्या, आणि तात्या उजव्या दांड्यावर जास्त भार देऊन ढकलायचे, म्हणजे त्यांचा उजवा खांदा कायमचा उतरला. शिवाय आगीत पत्र्यावरचा मूळ रंग जळून गेला होता. आता पाणी लागलं की गंज धरायचा. म्हणजे धुवायची, लगेच पुसायची, लगेच तेल लावायचं. काम दुप्पट झालं. कोणी विचारलं, साहेब, दमत कसे नाही? तर तेच उत्तर. मुआयना अजून झालेला नाही.

पुढे आमच्या ह्यांची बदली धावड्याच्या शाळेत झाली आणि आम्ही तिकडे गेलो. काकू गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी. गेल्या त्या सकाळीही फेरी झाली होती म्हणे. आम्ही दिवसांना गेलो तेव्हा तात्या शांत होते, माणसांची ऊठबस करत होते. गाडीकडे माझं लक्ष गेलं नाही. अशा वेळी माझं लक्ष नेहमी स्वयंपाकात किती माणसं वाढली याकडे असतं.

त्यानंतर उन्हाळ्यात मी एकटीच जालन्याला आले. भोकरदनहून येणारी मोटार म्हणजे धूळ खात येणं. उतरताना पाय मुरगळला. टांग्यानं फाटकापर्यंत आले आणि आत शिरले तर फाटकाशीच गाडी उभी. ओळखू आली ती वाकडेपणावरून. हौद्यात वाळलेलं खत थापल्यासारखं बसलेलं, चाक गंजून तांबडं, दांडे चिरलेले. तात्या मागून आले. शेरवानी तीच, आत माणूस कमी झालेला. माझी नजर गाडीवर आहे हे त्यांना दिसलं.

"आता कोण बसतंय तिच्यात," ते म्हणाले. "खतच वाहायचंय. वाहून राह्यलो."

मी पुढे पाऊल टाकलं आणि तोंडातून आवाज निघाला. तात्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. घोटा सुजून आला होता. फाटकापासून ओसरी हाकेच्या अंतरावर होती. मी लंगडत पोचले असते. तात्या म्हणाले, "थांब. तिथं दगडावर बस."

मी म्हटलं, अहो तात्या, एवढंसं तर आहे. ते म्हणाले, "बसायला सांगितलं न्हवं?" आणि आत जाऊन विटेचा तुकडा, राख आणि काथ्या घेऊन आले.

उन्हात, दगडावर, पाय सुजलेला, घशाला कोरड, आणि समोर घर. मी बसून होते. आणि तात्या गाडी धूत होते. आधी मुआयना. मग काडी. मग वीट. मध्येच थांबायचे, कंबरेला हात लावायचे, पुन्हा वाकायचे. इस्माईलभाई रस्त्यानं चालले होते. तेही थकले होते, भट्टी मुलाकडे दिली होती. फाटकाशी थांबून त्यांनी विचारलं, "किस के वास्ते?" तात्या म्हणाले, "सूनबाई का पाँव मुडा है." इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिथून दिसणाऱ्या ओसरीकडे पाहिलं. टोमणा मारला नाही. आत येऊन त्यांनी गाडी पालथी घालायला हात लावला, आणि मग कोरडं फडकं घेऊन पुसायला बसले.

तात्यांनी आतून पेटीतली काकूंची धाबळी आणली. तिला कापराचा वास येत होता. मी बसले. अंग आपोआप डावीकडे झुकलं.

गाडी ओसरीकडे वळली नाही. घराला वळसा घालून मागे गेली आणि पहिल्या झाडापाशी थांबली. पाय टेकले. तात्या मागे दांडे धरून उभे राहिले. मला कळेना काय झालं. मी मान वळवून पाहिलं तर ते माझ्याकडे बघत नव्हते, झाडाकडे बघत होते, आणि वाट बघत होते.

मला त्या झाडातलं एवढंच कळत होतं की ते झाड आहे. ज्या बाईला तुळस जगवता येत नाही तिला मोसंबीच्या बुडाशी नेऊन उभं केलं होतं. मी हात लांब केला, एक पान उलटं केलं. पलीकडूनही ते पानच होतं. मग खाली पाहिलं.

"याच्या बुडाशी," मी म्हटलं, "तण फार माजलंय. काढायला पाहिजे."

मागून आवाज आला, "जी."

पुढच्या झाडाला वाळलेली फांदी होती. मी सांगितलं. जी. त्याच्या पुढच्याचा वाफा कोरडा होता. तेवढं मलाही दिसलं. जी. रांगेच्या टोकाशी आलो तेव्हा तात्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी विचारलं, "दमलात का तात्या?"

त्यांनी गाडी टेकवली. नेहमीचं उत्तर येईल म्हणून मी थांबले.

"दमलो," ते म्हणाले.

शेरवानीच्या बाहीनं कपाळ पुसलं. मग दांडे उचलले, आणि दुसरी रांग घेतली.

ओसरीत मला उतरवल्यावर मी म्हटलं, आता तरी आत या, पाणी प्या. त्यांनी मान हलवली आणि गाडी वळवून लिंबाकडे निघाले. मी तिच्यात बसले होते फक्त. माझ्या अंगाची धूळ असेल थोडी. पण खिशातून एरंडेलाची बाटली निघाली होती, आणि ते हात मागे बांधून, उतरलेल्या खांद्यानं, गाडीभोवती फेरी घालायला लागले होते.